नागपूरची एफएम स्टेशनं एकसारखी का वाटायला लागली?

विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे: खासगी एफएम नागपुरात नवा आला तेव्हा आपल्या मोहल्ल्यातला वाटायचा. आता गाडीत कुठलंही स्टेशन लावा, आपण नागपुरात आहोत, रायपुरात की इंदूरला, हे कळायला पाच मिनिटं लागतात. मग या शहराच्या रेडिओचा इतिहास नेमका काय? आणि आताच्या आरजेंना शहरच माहीत नाही, हे खरं का?

मी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षं एका खासगी स्टेशनात प्रोग्रॅमिंग सांभाळलं. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. शहर या पोट्ट्यांना चांगलं माहीत असतं. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर ते तुमच्याच बाजूला उभे असतात. अडचण दुसरीकडे आहे. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत जे बोललं जातं त्याला आमच्या धंद्यात लिंक म्हणतात. शहर रेडिओवर येतं ते लिंकमधूनच, कारण गाणी पहिल्यापासून मुंबईचीच. आता ही लिंक किती लांब असावी, ती कुठे बसून बोलायची, त्यात काय बोलायला मनाई, हे आरजे ठरवत नाही. ते दिल्लीतलं धोरण आणि मार्चअखेरचा हिशेब मिळून ठरवतात. नागपूरच्या रेडिओचा इतिहास मी तरी याच अंगाने सांगू शकतो.

नागपूर आकाशवाणी जुलै १९४८ ची. तेव्हा आपण महाराष्ट्रात नव्हतो. नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, जबलपूर-रायपूरचा कारभार इथून चालायचा. प्रांतच दुभाषी, म्हणून केंद्रालाही मराठी आणि हिंदी दोन्ही सांभाळाव्या लागल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो, पण शहराच्या कानाची सवय बदलली नाही. आज एफएमवर इतकी हिंदी का, असं विचारणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. खासगी कंपन्यांनी ती हिंदी बाहेरून आणलेली नाही. सिव्हिल लाइन्समधल्या त्या केंद्रावरून एका अख्ख्या चौकाचं नाव आकाशवाणी चौक पडलं. आज त्या चौकातून दिवसभर जाणाऱ्या किती जणांच्या घरी ते केंद्र, म्हणजे ५८५ किलोहर्ट्झ, लागतं हा भाग वेगळा.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९५२ मध्ये नभोवाणी खातं हाती आलेल्या बा. वि. केसकरांना सिनेसंगीत थिल्लर वाटायचं. आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सुई फिरवून रेडिओ सिलोनवर, अमीन सयानींच्या आवाजाकडे गेले. त्यावर उतारा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. दुसरी गोष्ट थेट आपली. आकाशवाणीने जाहिराती घ्यायला सुरुवात केली ती १ नोव्हेंबर १९६७ ला, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. दिल्लीचा नंबर नंतर लागला. म्हणजे देशात व्यापारी रेडिओची पहिली चव ज्यांनी घेतली त्यात इतवारी आणि सीताबर्डीचे दुकानदार होते. नवीन पोरांना मी हे आवर्जून सांगायचो, कारण त्यांना वाटायचं की रेडिओवर जाहिरात विकणं हा शोध त्यांच्या सेल्स हेडचा आहे.

तेव्हाची लिंक कशी असायची? नावांची. फर्माईशीच्या कार्यक्रमात पोस्टकार्डं यायची आणि उद्घोषक ती वाचायचा: वरोऱ्याहून अमुक, त्यांचे आई-बाबा, ताई, भाचा बंटी, आर्वीहून तमुक आणि त्यांचा मित्रपरिवार, पुसद, गोंदिया, काटोल, उमरेड. काही लोकांना ही नावांची माळ कंटाळवाणी वाटे. माझ्या मते विदर्भातल्या रेडिओवरचा सगळ्यात अस्सल स्थानिक मजकूर तोच होता. लोक गाण्यासाठी जेवढं थांबत तेवढंच नावासाठी थांबत. एखाद्या गावाचं नाव चुकीचं उच्चारलं तर आठवड्याभरात त्याच गावाहून कार्ड यायचं, नम्र भाषेत, पण धार लावलेलं. उद्घोषकाला भूगोल येणं भाग होतं.

हे शक्य होतं कारण तेव्हाचा रेडिओ मीडियम वेव्हवर चालायचा, आणि ही लहर जमिनीला धरून लांब पसरते. एफएमचं तसं नाही. टॉवरवरून जेवढं साधारण नजरेच्या टप्प्यात, तेवढंच तिचं राज्य. क्षितिजापलीकडे ती फार टिकत नाही. पुढे विविध भारती नागपुरात एफएमवर आली, १००.६ मेगाहर्ट्झवर. आवाज काचेसारखा झाला, खरखर गेली. पण लांबची गावं हळूहळू कमी झाली आणि त्यांच्यासोबत ती कार्डंही. रेडिओ विदर्भाचा होता तो शहराचा झाला. यात कुणाचा दोष नाही, लहरींचा स्वभावच तसा. पण भाषेवर याचा परिणाम झाला, आणि तो मला खासगी स्टेशनात आल्यावर कळला: ज्या श्रोत्यासाठी पूर्ण मराठीत बोलायचं, तो श्रोता आता पुष्कळसा टॉवरच्या टप्प्याबाहेर राहत होता.

इथे एक आडवळण घेतो, कारण ही गोष्ट नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नसते. १८ मे १९८८ ला आकाशवाणीने रात्रीची राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू केली. तिच्यासाठी १००० किलोवॉटचा ट्रान्समीटर नागपूरला बसवला, १५६६ किलोहर्ट्झवर. कारण उघड आहे: देशाच्या मधोमध असलेल्या जागेवरून रात्रीच्या वेळी मीडियम वेव्ह चारी दिशांना पोचते. स्टुडिओ मात्र दिल्लीत. आवाज दिल्लीचा, वीज आणि खांब नागपूरचा. नंतर ती सेवा बंद झाली. खासगी एफएममध्ये पुढे जे घडलं त्याचा नमुना आपल्या इथे असा आधीच उभा होता.

आता खासगी एफएमकडे. भारतात एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाला, तोही सरकारी. १९९३ पासून दिल्ली-मुंबईसारख्या महानगरांत आकाशवाणीच्या एफएमवर खासगी कंपन्यांना तासांच्या हिशेबाने वेळ विकत मिळू लागली. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. त्यानंतर १९९९ चं धोरण आलं आणि ४० शहरांतल्या १०८ चॅनेलांचा लिलाव झाला. जुलै २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खासगी स्टेशन वाजलं. पण लिलावात लोकांनी जोशात बोली लावल्या होत्या आणि वार्षिक परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होतं. जाहिरातीचं उत्पन्न त्या वेगाने वाढणं शक्यच नव्हतं. बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. अखेर फक्त १२ शहरांत खासगी स्टेशनं उभी राहिली. त्यात पुणं होतं, इंदूर होतं, लखनौ होतं. नागपूर नव्हतं.

ही पाच-सहा वर्षं आपली हुकली आणि त्याचा फायदाही झाला असं माझं मत आहे. इतर शहरांत जी स्टेशनं आधी आली त्यांनी परवाना शुल्काखाली दबून नुसती गाणी वाजवली, कारण माणसं ठेवायला पैसे नव्हते. आपल्याकडे खासगी एफएम आला तो दुसऱ्या टप्प्यात. जुलै २००५ च्या धोरणात वाढतं शुल्क गेलं; एकदाच प्रवेश शुल्क भरायचं आणि दरवर्षी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के सरकारला द्यायचे, किमान रकमेची अट ठेवून. ९१ शहरं, ३३८ चॅनेल. बोली २००६ च्या सुरुवातीला झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत नागपुरात एकामागून एक स्टेशनं सुरू झाली. ९१.१ रेडिओ सिटी, ९३.५ रेड एफएम, ९४.३ माय एफएम, ९८.३ मिर्ची. हे आकडे आजही बहुतेकांना तोंडपाठ असतील. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी जी शिडी दिसते तिच्यात प्रत्येक पायरी ०.८ ची आहे, कारण एका शहरात दोन स्टेशनांमध्ये किमान ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं असा आपल्याकडे नियम होता. १०० ते १०३.७ चा पट्टा आकाशवाणीसाठी राखलेला, म्हणून विविध भारती तिथे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो सहसा कुणी सांगत नाही. धोरणात शहरांचे वर्ग होते. महानगरं अ+, मग २० लाखांच्या वर लोकवस्तीची शहरं अ, त्यात नागपूर, पुणे, सुरत, जयपूर, कानपूर वगैरे. मग ब, क, ड. दुसऱ्या टप्प्यात एका जागेहून कार्यक्रम करून तो अनेक शहरांत सोडायची, म्हणजे नेटवर्किंगची, मुभा फक्त क आणि ड वर्गातल्या शहरांना होती, तीही एका विभागापुरती. नागपूर अ वर्गात. म्हणजे नागपूरचं स्टेशन नागपुरातूनच चालवणं भाग होतं. इथलाच स्टुडिओ, इथलेच आरजे, इथलाच प्रोड्यूसर, इथलाच जाहिराती लिहिणारा. कंपनीला नागपूरचं फार प्रेम होतं म्हणून नाही, नियम होता म्हणून. तुम्हाला आठवतो तो ‘आपल्या मोहल्ल्याचा’ रेडिओ या एका कलमाच्या सावलीत वाढला.

त्या काळातली मजा मी नाकारत नाही. सगळंच नवं होतं. आरजे निवडताना आवाज मागे, बोलणं पुढे असा हिशेब. कॉलेजमधली पोरं, नाटकातली पोरं, एक-दोन तर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी. मुंबईहून शिकवायला आलेली मंडळी सांगायची, शुद्ध बोला. आणि आम्ही मागून सांगायचो, बोल बे तू जसा घरी बोलतो तसा. नागपुरी हिंदी मायक्रोफोनवर आली ती तेव्हा. ‘काहून’, ‘बाप्पा’, ‘हौ ना’ हे शब्द अधिकृत जिंगलमध्ये जाऊन बसले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई-पीडा सोबत घेऊन जाणारा पुतळा, निघते तेव्हा श्रोत्यांना फोन करून विचारायचं, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत तुम्हाला या वर्षी काय पाठवायचं आहे? कुणी डेंग्यू म्हणायचं, कुणी खड्डे, एका बाईंनी शेजारच्यांचा लाऊडस्पीकर म्हटलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारची लिंक आपोआप तयार: कूलरची ताटी, कैरीचं पन्हं, दुपट्टा बांधून गाडी चालवणाऱ्या पोरी. हे लिहायला मुंबईच्या लेखकाची गरज नव्हती आणि त्याला ते जमलंही नसतं.

पण त्याच धोरणात दुसरी गाठ होती: बातम्या आणि चालू घडामोडी पूर्ण बंद. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत हा नियम भलताच विनोदी व्हायचा. सगळं सरकार नागपुरात, यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतायत, टेकडी रोडला आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस अडवतायत. आम्ही काय सांगू शकत होतो? रस्ता बंद आहे. मोर्चा कुणाचा, मागणी काय, ते नाही. आणि रस्ता बंद आहे हेही बातमीत मोडतं की काय, अशी धाकधूक व्हायची, कारण प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायची अट होती आणि कुणी तक्रार केली तर तेच पुरावा. व्हरायटी चौकात जाम आहे, ही माहिती की बातमी, यावर आम्ही मीटिंगमध्ये वाद घातले आहेत. २०११ च्या धोरणात ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना, आपत्तीचे इशारे या गोष्टी बातमीत धरल्या जाणार नाहीत असं स्पष्ट लिहिलं गेलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बातमी नाही, राजकारण नाही, महापालिकेवर थेट टीका नाही, मग शहराबद्दल बोलायला उरतं काय? खाणं, सण, हवा, ट्रॅफिक आणि प्रेमप्रकरणं. एफएमच्या लिंक उथळ असतात असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे बघावं. ज्या घरात महत्त्वाच्या विषयांना दार बंद, तिथे गप्पा पोह्यांच्याच होणार.

गाणी सगळीकडे तीच का, याचं उत्तर याहून कोरडं आहे. स्टेशनात गाणी आरजे निवडत नाही. म्युझिक मॅनेजर एका सॉफ्टवेअरमधून तासाचा साचा बनवतो. त्याला आम्ही क्लॉक म्हणतो. तासात नवीन हिट किती, वर्षभर जुनी किती, नव्वदच्या दशकातली किती, कोणतं गाणं किती तासांनी परत येणार, हे सगळं ठरलेलं, खानावळीच्या आठवड्याच्या मेनूसारखं. चालू यादीत काही शे गाणी. ती वाढवली की श्रोता सुई फिरवतो, असं मुंबईच्या प्रत्येक संशोधनाने सांगितलं, आणि खरं सांगायचं तर तो फिरवतोही. अनोळखी गाणं लागलं की माणूस स्टेशन बदलतो. आवडतं गाणं दिवसात तिसऱ्यांदा लागलं तर फक्त कुरकुरतो. धंदा कुरकुर सोसतो, सुई फिरणं सोसत नाही.

त्यात श्रोते मोजायची सोय नव्हती. २००७ पासून रेडिओचे श्रोते डायरीने मोजणारी रॅम ही पद्धत आली, पण ती दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि कोलकाता या चारच शहरांत. नागपूरला त्यात जागा नाही. मग आम्ही काय करायचो? पोरं पाठवायचो. पानठेले, सलून, ऑटो स्टँड, गॅरेज, कुठे कोणतं स्टेशन चालू आहे ते वहीत टिपायचं. सदर, महाल, नंदनवन, प्रतापनगर असे भाग वाटून. शास्त्रीय म्हणता येणार नाही, पण इतवारीतला दुकानदार जाहिरात द्यायच्या आधी तेच करायचा: बाजूच्या पानठेल्यावर काय वाजतं ते ऐकायचा. त्याचं आणि आमचं सर्वेक्षण एकच होतं. आकडा हाती नसला की मुंबईचं ऑफिस धोका घेत नाही. जे मुंबईत चाललं तेच नागपुरात लावा म्हणतं. म्हणून मराठी गाण्यांच्या तासासाठी भांडताना माझ्या हातात पुराव्याला काहीच नसायचं.

गाण्यांच्या खर्चाचाही पैलू आहे. ध्वनिमुद्रिका वाजवायचे पैसे म्युझिक कंपन्यांना तासाच्या हिशेबाने द्यावे लागायचे, त्याला नीडल अवर म्हणत. स्टेशन कमावो न कमावो, मीटर चालूच. २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट बोर्डाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरवला तेव्हा मध्यम शहरांतल्या स्टेशनांनी श्वास सोडला. २०२० च्या अखेरीस बौद्धिक संपदा अपील मंडळाने पुन्हा तासाचे दर आणले. या उलथापालथीचा श्रोत्याला पत्ता नसतो. पण नीडल अवरच्या काळात मीटर थांबवण्यासाठी आम्हाला ‘जास्त बोला’ असा निरोप यायचा आणि टक्केवारीच्या काळात ‘गाणी वाढवा, बडबड कमी’ असा. सलग बारा गाणी, सलग पंधरा गाणी असले दावे तुम्ही ऐकले असतील. त्या प्रत्येक दाव्यात काही लिंक कापलेल्या असतात, आणि त्यासोबत तेवढं नागपूर.

मराठीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण मला सगळ्यात जास्त शिव्या याच विषयावर पडल्या आहेत. जाहिरातदार दोन प्रकारचे. एक मोठ्या कंपन्या. त्यांचा मजकूर मुंबई-दिल्लीत तयार होतो आणि नागपूर, रायपूर, जबलपूर, इंदूर असा एका गठ्ठ्यात विकत घेतला जातो. त्या गठ्ठ्यात नागपूर हिंदी पट्ट्यात जातं. दुसरे स्थानिक: साड्या, दागिने, कोचिंग क्लास, आणि मिहान प्रकल्पाची हवा होती तेव्हा वर्धा रोड, बेसा, जामठ्याचे लेआउट. यातले पुष्कळ व्यापारी घरात मारवाडी, सिंधी, गुजराती बोलणारे, दुकानात हिंदी. त्यांना मराठी जाहिरात नको होती असं नाही. पण आजूबाजूचा सगळा कार्यक्रम हिंदीत असताना मधेच मराठी जाहिरात त्यांना ‘सरकारी’ वाटायची. पुणं-मुंबईत मराठी श्रोता म्हणून वेगळा बाजार मोजला गेला. नागपुरात मराठी माणूस हिंदी गाणी आनंदाने ऐकतो म्हणून त्याला वेगळं मोजायची गरजच कुणाला वाटली नाही. आपली दुभाषी सवय आपल्याच मुळावर आली, असं मी म्हणतो. काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात कंपन्यांची इच्छाच नव्हती. दोन्ही खरं असू शकतं. मात्र तासाभराच्या मराठी कार्यक्रमाला फोन सगळ्यात जास्त यायचे हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्यात हिंगणा, कामठी, वाडी, बुटीबोरीचे फोन जास्त असायचे, म्हणजे टॉवरच्या टप्प्याच्या काठावरचे.

मग फिरलं कधी? तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ मध्ये आलं, अंमल २०१५ मध्ये झाला. जुन्या स्टेशनांनी पैसे भरून नव्या परवान्यावर जायचं, मुदत १५ वर्षं, मोजणी १ एप्रिल २०१५ पासून. चांगल्या गोष्टी त्यात होत्या: आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची परवानगी, एका शहरात एका कंपनीला एकापेक्षा जास्त चॅनेल. आणि एक छोटं कलम: आपल्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये देशभर कुठेही नेटवर्किंग करता येईल, क आणि ड वर्गाची अट गेली. नागपूरला वाचवणारी भिंत कुठल्याही बातमीशिवाय पडली.

एका रात्रीत काही झालं नाही. आधी रात्रीचे शो गेले. एक मोठा आवाज मुंबईत बसून सगळ्या शहरांशी बोलू लागला. मग दुपार. मग शनिवार-रविवार. कुठे कुठे आरजे आधीच लिंक ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि कॉम्प्युटर त्या गाण्यांच्या मधे पेरतो, याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. मग ‘आज बाहेर मस्त पाऊस आहे’ असं बोलता येत नाही, कारण बोलताना पाऊस होता की नाही हे कुणाला माहीत? मोबाइलनेही हात दिला. २००७-०८ ला साध्या फोनमध्ये एफएम असायचा, हेडफोनची वायरच अँटेनाचं काम करायची, आणि बांधकामावरचा मजूरही श्रोता होता. स्मार्टफोन आले तसा बऱ्याच फोनमधून एफएम गायब झाला आणि गाणी इंटरनेटवर फुकट मिळू लागली. २०२० च्या टाळेबंदीत दुकानंच बंद, तर दुकानाची जाहिरात कोण देणार? देशभर रेडिओचं उत्पन्न कोसळलं. त्या वर्षी जी माणसं गेली त्यांच्या जागा पुष्कळ ठिकाणी परत भरल्याच गेल्या नाहीत. नेटवर्किंगचं कलम हाताशी होतंच.

याची किंमत काय, ते सांगायला मला एकच तारीख पुरेशी वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, लोकांना काढायला सैन्य आणि एनडीआरएफ उतरले. अशा वेळी वीज गेलेली असते, मोबाइलचं चार्जिंग संपत आलेलं असतं, आणि गाडीतला किंवा बॅटरीवरचा रेडिओ चालतो. आपत्तीचे इशारे द्यायला नियमाची आडकाठी २०११ पासून नाही. पण पहाटे तीन-चारला स्टुडिओत जिवंत माणूस बसवायचा म्हणजे पगार, गाडी, सुरक्षारक्षक. आणि त्या वेळेत जाहिरात शून्य. एका खासगी कंपनीकडून ही अपेक्षा धोरणात लिहिल्याशिवाय करता येईल असं मला वाटत नाही. शुल्काच्या टक्केवारीत सवलत देऊन ती लिहून घ्यावी, हे मी कित्येक बैठकांत बोललो आहे. बैठकीत माना हलतात.

तर आरजेंना दोष देऊ नका. आज सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत इथून बोललं जाणारं बरंच काही शिल्लक आहे, ऑफिसला जाता-येताची गर्दी तेव्हा असते म्हणून. तेव्हा ऐका, फोन करा. कुठल्या विषयाला किती फोन आले याची नोंद स्टेशनात खरंच ठेवली जाते, आणि प्रोग्रॅमिंगच्या माणसाला मुंबईशी भांडताना तेवढाच कागद कामी येतो. विविध भारती आणि ५८५ वरचं केंद्र विसरू नका. वऱ्हाडी बोलणारा माणूस, शेतीचा सल्ला, झाडीपट्टीचा कलावंत ऐकायचा असेल तर अजून तिथेच ऐकू येतो.

पुढचं जे ठरायचं आहे ते जवळ आलं आहे. तिसऱ्या टप्प्यावर गेलेल्या जुन्या स्टेशनांचे परवाने मार्च २०३० मध्ये संपतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांची परवानगी द्यावी अशी शिफारस केली. २०२४ मध्ये डिजिटल रेडिओवर चर्चापत्र काढलं, आणि त्यात ज्या चार अ+ आणि नऊ अ वर्गातल्या शहरांचा विचार आहे त्यात नागपूरही आहे. डिजिटल आलं तर एकाच लहरीवर अनेक चॅनेल बसतील आणि एखादं पूर्ण मराठी चॅनेल चालवणं हिशेबात बसू शकेल. बातम्या आल्या तर मोर्चा कुणाचा ते सांगता येईल. नेटवर्किंगचं कलम मात्र तसंच राहिलं तर त्या बातम्याही मुंबईहूनच वाचल्या जातील. म्हणून ट्राय सूचना मागवते तेव्हा पाठवा. ईमेल चालतो, मराठीतही लिहा. मी माझ्या सूचनेत एकच मुद्दा लिहितो: अ वर्गातल्या शहरात दिवसातले किमान काही तास स्टेशनात, त्याच शहरात, माणूस बसलेला असला पाहिजे.